काचेच्या झाकणाखाली

आमच्या लोणावळ्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या वर एक माळा आहे. त्या माळ्यावर माझी सगळी हौस खोक्यांत भरून ठेवलेली आहे. सँडविच टोस्टर, हँड ब्लेंडर, ज्यूसर, पॉपकॉर्नचं यंत्र, आणि नवऱ्याने मोठ्या कौतुकाने मागवलेला रोटी मेकर. त्यात तांदळाची भाकरी घालून पाहिली तेव्हा तिची जी काही रांगोळी झाली, ती आम्ही दोघांनी चमच्याने खाल्ली. दर दिवाळीच्या साफसफाईला मी ही खोकी खाली काढते, पुसते, ‘लागेल कधीतरी’ म्हणते आणि परत वर चढवते.

मी एका हॉटेलात रिसेप्शनवर बसते. तिथे खोल्याखोल्यांत इलेक्ट्रिक किटली ठेवलेली असते, आणि आलेली मंडळी तिच्यात काय काय करतात ते सांगितलं तर तुम्ही बाहेरचा चहा सोडून द्याल. अंडी उकडतात, नूडल्स शिजवतात, आणि एका कुटुंबाने तर बाळासाठी दूध उकळायला ठेवून किटलीचा तळ असा जाळला की ती फेकूनच द्यावी लागली. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या छोट्या वस्तूंविषयी माझं मत वाईट होतं आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. म्हणूनच असेल, घरात खरोखर विचार करून एक वस्तू घ्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. वस्तू घ्यायची होती ती माझ्यासाठी नव्हती, माझ्या सासऱ्यांसाठी होती.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. कार्ल्याच्या डोंगराखाली त्यांचं घर आहे, दारासमोर भाताची खाचरं आणि गोठ्यात एक म्हैस. सासूबाई उन्हाळ्यात गेल्या. त्यानंतर आबा थोडे दिवस आमच्याकडे लोणावळ्याला येऊन राहिले होते. सकाळी उठून गॅलरीत उभे राहायचे, खालच्या गाड्या बघायचे आणि मग आत येऊन मला विचारायचे, “हितं मानसं सकाळी करत्यात काय?” मी त्यांच्यापुढे चहा ठेवायची. पेरणीचे दिवस जवळ आले तसे ते पिशवी घेऊन सरळ गावी निघून गेले.

गावी शेजारच्या मावशी त्यांना सकाळी भाकरी आणि तिच्याबरोबर कोरड्यास, म्हणजे कालवण, द्यायच्या. संध्याकाळी मात्र त्यांना भात लागायचा आणि भात ही गोष्ट त्यांनी जन्मात केली नव्हती. करायचा प्रश्नच आला नव्हता. ओसरीवर बसायचं, आतून ताट यायचं, जेवायचं, हात धुवायचा. आता ते दुधात सकाळची भाकरी कुस्करून भागवायचे. गणपतीच्या आसपास त्यांनी एकदा गॅसवर दूध तापत ठेवलं आणि म्हशीला पाणी पाजायला गेले. तिथे बांध फुटलेला दिसला म्हणून तो बांधायला लागले. पातेलं जळून काळं झालं, घरभर धूर झाला, मावशी ओरडत धावल्या आणि त्यांनी शेगडी बंद केली म्हणून निभावलं.

हे कळल्यावर आम्ही दोघं गावी धावलो आणि शिरगावहून माझी नणंदही आली. आम्ही तिला ताई म्हणतो. ताई हळवी आहे, पण तिचं हळवेपण नेहमी भांडणाच्या रूपाने बाहेर पडतं. तिने आधी गॅसचा रेग्युलेटर काढून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि मग आबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आबा, बास झालं. म्हस इका आनि लोनावळ्याला चला. न्हाईतर माझ्याकडं चला.”

“मी कुटं जात न्हाई,” आबा म्हणाले.

“मग खानार काय? धूर?”

आबांनी माझ्या नवऱ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती आणि आबांच्या डोळ्यांत विनंती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मला ती बघवली नाही.

शेवटी तोड निघाली ती अशी. भातकापणी होईपर्यंत आबांनी गावीच राहायचं. कापणी झाली की एका रविवारी आम्ही सगळे येऊ आणि आबांनी स्वतःच्या हाताने भात करून वाढायचा. जमलं तर ते त्यांच्या घरी राहतील, नाही जमलं तर म्हैस विकायची आणि लोणावळ्याला यायचं. ताईला खात्री होती की जमणार नाही. खरं सांगायचं तर मलाही होती.

तर वस्तू ठरवायची होती. नवरा म्हणाला, इंडक्शन घेऊ. मी विचार केला, त्याची बटणं त्या गुळगुळीत काचेवर नुसत्या खुणा असतात, आबांच्या शेतातल्या राठ बोटांना ती दाद देणार नाहीत. शिवाय त्यांच्या घरातली निम्मी भांडी ॲल्युमिनियमची, ती त्याच्यावर तापतच नाहीत. ताई म्हणाली, तिच्या जावेकडे एअर फ्रायर आहे, फार छान. त्यात भात होतो का, असं मी विचारल्यावर तिने विषय बदलला. मिक्सर घरात होताच, सासूबाईंचा, पण ठेचा मावशी द्यायच्या आणि आबांना त्याचा आवाज सहन होत नसे. प्रेशर कुकर तर गॅसवरच चढणार. मी अशी एकेक वस्तू मनात मांडून काढून टाकत गेले आणि शेवटी मला कळलं की आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. वस्तू काय काय करते हे बघायचंच नव्हतं. विसरून बांधावर गेलेल्या माणसाच्या मागे जी आपली आपण थांबेल, तेवढीच वस्तू या घरात घेण्याच्या लायकीची होती.

कामशेतच्या बाजारातल्या दुकानदाराला मी हे असंच सांगितलं. त्याने काही न बोलता फळीवरून इलेक्ट्रिक राइस कुकर काढला. पांढरा, बुटका, दोन कान, वर काचेचं झाकण आणि समोर एकच खटका. खटका खाली दाबला की भात शिजायला लागतो, झाला की खटका टक् करून वर येतो. मी मनात म्हटलं, चला, माळ्यावर आणखी एक खोकं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं की भात झाला हे याला कळतं कसं. आत घड्याळ असतं का? तो तळेगावच्या कंपनीत मशिनं दुरुस्त करतो. त्याने कुकर उलटा केला, भांडं काढलं आणि मधली गोल चकती मला दाखवली. म्हणाला, इथे लोहचुंबकाची पकड असते, बाकी काही नाही. भांड्यात पाणी आहे तोवर भांडं उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापूच शकत नाही. पाण्याचा शेवटचा थेंब तांदळात गेला की मग ते त्याहून जास्त तापायला लागतं, आणि तेवढी उष्णता लागली की चुंबकाची पकड सुटते. खटका वर येतो.

मी त्या चकतीवरून बोट फिरवलं. साधा धातूचा तुकडा होता. घड्याळ नाही, मेंदू नाही, काही नाही. एवढ्या वर्षांत कुठल्याही यंत्रापुढे मला हात जोडावेसे वाटले नव्हते, त्या दिवशी वाटले. पाणी संपलं की सोडून द्यायचं, इतकंच ज्याला येतं, आणि तेवढ्यावर घरोघरचा भात होतो! मी नवऱ्याला ते तीन वेळा परत सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्याने वैतागून मला चहा करायला सांगितलं.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही कुकर आबांकडे नेला. मी त्यांना दाखवलं, तांदूळ धुवायचे, बोटाचं पहिलं पेर बुडेल इतकं पाणी तांदळावर ठेवायचं, झाकण लावायचं, खटका दाबायचा. आबांनी मान हलवली. मी निघताना म्हटलं, “झाला की तो टक् करेल. तोवर काही करायचं नाही.” आबा म्हणाले, “व्हय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून फोन केला.

“आबा, भात केला का?”

“शिजतुया.”

तासाभराने परत केला.

“शिजतुया अजून. लय ऐटीत हाय तुझं मशिन.”

हॉटेलात कुणालातरी बसवून मी स्कूटर काढली आणि कार्ल्याच्या दिशेने सुटले. वाटेत मला काय काय दिसलं ते सांगत नाही, त्यात आगीचा बंबसुद्धा होता. घरात शिरले तर आबा कुकरसमोर मांडी घालून बसलेले, हातात पाण्याचा तांब्या. झाकण उघडं. आत पांढरी खळ रटरटत होती, पोस्टर चिकटवावीत अशी. मी बघत असतानाच त्यांनी तांब्यातून आणखी थोडं पाणी तिच्यात सोडलं.

“आबा! हे काय करताय?”

“पानी आटत व्हतं,” आबा म्हणाले. “मी भर घालतुया.”

“पण का?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शेतीतलं काही म्हणजे काहीच कळत नाही हे माझ्या लक्षात आलं. “भाताला पानी उभं नको व्हय? खाचरात पानी हटलं की आपन बांध बगतो, पानी फिरवतो. रोपाला कोरडं ठिवून कसं चालंल?”

मी मटकन खाली बसले आणि हसायला लागले. आबांना आधी राग आला, मग तेही हसले. सबंध आयुष्य या माणसाने भाताला पाणी उभं ठेवलं होतं. पावसात इरलं घेऊन बांधावर उभं राहून, चिखलात गुडघाभर रुतून. आता समोर तांदूळ, तांदळावर पाणी, आणि पाणी डोळ्यांदेखत खाली चाललंय. दुसरं काही करणं त्यांना जमलंच नसतं. सकाळपासून ते त्या कुकरची राखण करत होते, आणि बिचारा कुकर पाणी संपायची वाट बघत होता.

मी त्यांना चुंबकाची गोष्ट सांगितली. पाणी आहे तोवर तो सोडणारच नाही, पाणी संपलं तरच भात झाला. आबा ऐकत होते. मग हळूच म्हणाले, “म्हंजी कापनीच्या आदी आपन खाचरातलं पानी सोडतो, तसं. पानी सोडल्याबिगर दाना पकत न्हाई.”

“तसंच,” मी म्हटलं.

“मग आदी सांगायचं न्हाई व्हय!”

आम्ही खळ म्हशीला घातली, भांडं घासलं आणि नव्याने तांदूळ घेतले. आबांनी पाणी घातलं, बोट बुडवून बघितलं, झाकण लावलं, खटका दाबला. मग आम्ही दोघं त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. मला खरं तर निघायला हवं होतं, हॉटेलातून फोन येत होते. पण आबा ज्या तऱ्हेने पुढे झुकून काचेतून आत बघत होते, ते बघून मला उठवेना.

आधी काहीच झालं नाही. मग पाणी दुधट झालं. मग तळातून एकेक दाणा उचलला जायला लागला, वर यायचा, फिरायचा, खाली जायचा. काचेवर वाफ धरायची आणि थेंब होऊन ओघळायची, की परत आतलं दिसायचं. हळूहळू सगळेच दाणे नाचायला लागले, फेस वर आला, झाकण थरथरलं. आबांचा हात तांब्याकडे गेला. त्यांनीच तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

मग पाणी खाली गेलं. फेस विरला आणि वर भात दिसायला लागला, नुसता सपाट, ओलसर. आणि त्या सपाटीवर एकेक भोक पडायला लागलं. प्रत्येक भोकातून वाफेचा फुसकारा.

“खेकड्याची बिळं,” आबा कुजबुजले. “बांदावर असत्यात तशी. बग, बग, बग!”

त्या बिळांच्या कडेचे दाणे उभे राहिले होते, टोकं वर करून. इंद्रायणी तांदळाचा वास सगळ्या खोलीत पसरला. तो वास मला माहीत होता, रोजचा होता. पण प्रेशर कुकरच्या आत काय चालतं हे मी कधी पाहिलं नव्हतं, शिट्ट्या तेवढ्या ऐकल्या होत्या. पातेल्यात भात करताना मी दुसऱ्या शेगडीवर फोडणी देत असायची. इतका भात मी रांधला आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदाही बघितला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. देवळात गेल्यावर यायला हवा असं लोक म्हणतात, पण मला तिथे कधी आला नाही, तो इथे आला.

टक्.

आबा दचकून मागे सरले. खटक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “कळलं ह्येला,” ते म्हणाले. “खरंच कळलं!”

मी झाकण काढलं. आबांनी चार शितं बोटावर घेतली आणि तशीच समोर धरून बसले. बी कुठलं धरायचं, रोप कधी काढायचं, कापणी, झोडणी, गिरणीवरची रांग, सगळं या माणसाला ठाऊक. पोतं घरात आणून टाकलं की त्यांचं काम संपायचं. त्यापुढचं आतल्या खोलीत.

“मी ओसरीवर बसायचो,” आबा म्हणाले. “दाराकडं पाट करून. आनि ह्ये रोज माज्या पाटीमागं चाललं व्हतं.”

त्यांनी ती शितं खाल्ली आणि डोळे पुसले. मला वाटलं वाफेने असेल, पण वाफ तेव्हा थांबली होती.

त्यानंतर आबांना भाताचं वेडच लागलं. रोज संध्याकाळी धार काढून झाली की कुकर लावायचे आणि समोर बसायचे. दूध शेगडीवर ठेवून बांधावर जाणारा माणूस आता कुणी हाक मारली तरी उठत नसे. पारावरची दोन म्हातारी माणसं त्यांनी बोलावून आणली आणि त्यांनाही काचेतून भात दाखवला. मावशी मला फोनवर म्हणाल्या, “आगं, तुजं सासरं कुकरम्होरं बसत्यात कीर्तनाला बसल्यावानी. हसावं का रडावं कळंना.” एकदा वीज गेली तेव्हा अर्धा कच्चा भात मावशींच्या चुलीवर गेला. आबा तिथेही जाऊन बसले आणि पातेल्यावर झाकण नको म्हणाले. मावशींनी त्यांना हाकलून दिलं.

कापणी झाली, झोडणी झाली, नवे तांदूळ घरात आले. आणि ठरल्याप्रमाणे रविवार आला.

ताई शिरगावहून सकाळीच येऊन बसली होती. मी आणि नवरा मटकीचं कालवण घेऊन गेलो. आबांनी आम्हा कुणाला आत येऊ दिलं नाही. आम्ही तिघं ओसरीवर, आणि आतून तांदूळ धुण्याचा आवाज. ताईचं सगळं लक्ष तिकडे होतं. मी तिच्याकडे बघत होते आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ती जिंकायला आलेली नाही, ती घाबरलेली आहे. आईच्या वेळी ती पोचली नव्हती. बापाच्या वेळी तिला लांब असायचं नव्हतं, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते तिला सरळ सांगता येत नव्हतं म्हणून ती म्हैस विकायला सांगत होती.

“पानी कमी घाला, आबा,” तिने न राहवून आत बघून ओरडून सांगितलं. “नवा तांदूळ हाय!”

“मी पिकवलाय त्यो,” आतून आवाज आला. “गप बस.”

टक् झालेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

आबांनी ताटं मांडली. मग चमचा घेऊन आधी लेकीच्या ताटात भात वाढला, मग लेकाच्या, मग माझ्या. भात असा मऊ आणि मोकळा होता, आणि त्याला असा वास होता, की पहिला घास आम्ही कालवणाशिवाय नुसताच खाल्ला. माझा नवरा मान खाली घालून जेवत होता. ताईने तोंडात घास धरून डोळे मिटले. ती आजीसुद्धा झाली आहे, पण बापाने तिच्या ताटात आजवर कधी काही वाढलं नव्हतं. आबा आमच्यामधून वाकून फिरत होते. “घे अजून. घे की. लाजतीस काय?” आम्ही घेत होतो. मी दोनदा घेतला, नवऱ्याने तीनदा. ताईच्या ताटात त्यांनी तिसऱ्यांदा भात घातला, ती नको नको म्हणत असताना.

मग आबा स्वतः बसले. कुकरमधलं भांडं मांडीशी घेतलं आणि चमच्याने खरवडायला लागले. आत काहीच उरलं नव्हतं. तळाला लागलेली लालसर खरवड तेवढी सुटली आणि त्यांच्या ताटात पडली. मूठभरसुद्धा नव्हती.

“आबा, थांबा,” मी उठायला लागले. “मी पटकन दुसरा लावते.”

“बस गं. हाय की ह्ये.”

त्यांनी खरवडीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात टाकला. कडक होती, खूप वेळ चावत राहिले. चावता चावता थांबले. ताटाकडे बघितलं, मग रिकाम्या भांड्याकडे, मग आमच्या तिघांच्या भरल्या ताटांकडे.

“तुजी आई रोज हीच खायाची,” ते ताईला म्हणाले. “म्हनायची, मला खरवडच आवडती. मला खरं वाटायचं.”

मग ताई जागेवरून सरकली, हात न लावलेला तो तिसऱ्यांदा वाढलेला भात तिने आपल्या ताटातून उचलून सगळाच्या सगळा आबांच्या ताटात घातला. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

“आबा,” ती म्हणाली, “फुडच्या रविवारी दोन मुठी जास्त टाका.”